जाम मॅसीला साखळी लावू नका

प्रश्न : आबांनी १९८७ साली घेतलेला मॅसी १०३५ ट्रॅक्टर आमच्याकडे आहे. द्राक्षबागेच्या ओळीत तो शिरत नाही म्हणून आम्ही छोटा ट्रॅक्टर घेतला आणि मॅसी चिंचेखाली उभा राहिला. पाच पावसाळे गेले. उभा केला तेव्हा चांगला चालू होता. दिवाळीत नवी बॅटरी लावून सेल्फ मारला, तर ‘कट्’ असा एकच आवाज येतो आणि पंखा जागचा हलत नाही. गावातले मिस्त्री म्हणतात, टॉप गिअरला टाकून दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढू, सुटेल. चुलते म्हणतात, नोझलच्या भोकातून ॲसिड ओता. आई म्हणते, आबांचा ट्रॅक्टर भंगारात द्यायचा नाही. उन्हाळ कांद्याच्या लागवडीआधी रोटर (रोटाव्हेटर) मारायला तो मिळाला तर भाडं वाचेल. काय करावं?
— एक शेतकरी, निफाड तालुका

उत्तर :

भाऊ, ‘उभा केला तेव्हा चांगला चालू होता’ हे तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य. चालता चालता तापून किंवा ऑइल संपून जे इंजिन धरतं, त्यात पिस्टनचं ॲल्युमिनियम लायनरला, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळकांड्याला, घासून चिकटलेलं असतं, बेरिंगं गेलेली असतात. तिथे तेल ओतून काही होत नाही, ते उघडावंच लागतं. तुमचं इंजिन उभ्या जागी धरलं आहे, म्हणजे बहुतेक पिस्टनवरच्या रिंगा आणि लायनर यांच्यामध्ये गंज बसला आहे. असा गंज तेलाने आणि सबुरीने पुष्कळदा सुटतो. आईंना सांगा, भंगाराचा विषय आत्ता काढायचं कारण नाही.

पण साखळी लावू नका. हे मी ठासून सांगतो आहे, कारण चांगली इंजिनं इथेच मरतात. तुमच्या इंजिनाला तीन सिलिंडर आहेत. पाच वर्षांत तिन्ही सारखे गंजत नाहीत, सहसा एखादाच घट्ट धरतो. दुसरा ट्रॅक्टर ओढतो तेव्हा दोन्ही ट्रॅक्टरांचं वजन आणि वेग चाकातून, गिअरबॉक्समधून, क्लचमधून थेट त्या एका पिस्टनच्या रॉडवर येतो. रॉड वाकतो, रिंगा तुटतात, पिस्टनची रिंगेची खाच फुटते. सिलिंडरमध्ये पाणी साचलेलं असेल तर आणखी वाईट, कारण पाणी दबत नाही आणि सगळा मार रॉडच खातो. इंजिन फिरलं की लोक टाळ्या वाजवतात. वाकलेला रॉड पुढे महिनाभराने ब्लॉक फोडतो, तेव्हा कुणाला ती साखळी आठवत नाही. शिवाय ओढता ओढता इंजिन चालू झालं आणि पंपातला डिझेल कमी-जास्त करणारा भाग गंजून फुल डिझेलवर अडकलेला असला, तर ते कुणाच्या हातात राहत नाही.

ॲसिडचं उत्तर एका ओळीचं आहे : नको. ॲसिड असो की कॉस्टिक सोडा, दोन्ही ॲल्युमिनियमचे पिस्टन खातात, आणि खाली उतरून चेंबर (इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी) आणि बेरिंगांपर्यंत पोचतात. कोल्ड्रिंक ओतायचा सल्लाही कुणी देईल. त्यात आम्ल आहे आणि पाणीही आहे. पाण्यानेच जे बिघडलं त्यात आणखी पाणी कशाला?

आता मुळात पाणी आत गेलं कसं, तेही समजून घ्या. इंजिन थांबतं तेव्हा कुठल्या ना कुठल्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहतोच. उभ्या सायलेन्सरच्या तोंडावर झाकण नसेल तर पावसाचं पाणी त्या वाटेने सरळ पिस्टनच्या डोक्यावर येतं. पाऊस संपला तरी सुटका नाही. निफाडची थंडी तुम्हाला मी काय सांगावी. राज्यात सगळ्यात कमी तापमान कुठे, तर बऱ्याचदा तुमच्याकडेच. रात्री ब्लॉक गार पडतो आणि सकाळची दमट हवा उघड्या व्हॉल्व्हमधून आत जाऊन गार लायनरवर दवासारखी बसते. पाच हिवाळे हे रोज चाललं. म्हणून ज्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा सापडेल, पहिला संशय त्याच्यावर धरा.

काम सुरू करण्याआधी बॅटरीची वायर काढा, गिअर न्यूट्रलला टाका, चाकांना ओंडके लावा. मग इंजिनच धरलं आहे की त्याला जोडलेलं दुसरंच काही, ते आधी बघायचं. ही पायरी बहुतेक जण गाळतात. पंख्याचा पट्टा सैल करा. डायनॅमो किंवा वॉटर पंप गंजून जाम असेल तर तो हातानेच कळतो. सेल्फ खोलून बाजूला ठेवा. कधी कधी सेल्फचं पिनियन (छोटं दाती चाक) फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनामागच्या जड चाकाच्या, रिंगेत तिरकं अडकून बसतं आणि सगळे म्हणतात इंजिन जाम. तो एकच ‘कट्’ आवाज यानेही येतो. सेल्फ काढल्यावर तिथल्या भोकातून फ्लायव्हीलचे दात दिसतील, ते पुढे कामाला येणार आहेत.

यापेक्षा महत्त्वाचा आहे फ्युएल पंप. तो टायमिंग गिअरवर फिरतो. त्यात पाणी मुरून पंपातला रोटर किंवा प्लंजर धरला असेल, तर इंजिन मोकळं असूनही फिरणार नाही. तुम्ही जोर लावाल आणि पंपाचा शाफ्ट तुटेल. पाच वर्षं उभा असलेला पंप तसाही तपासून घ्यावाच लागतो, म्हणून मी म्हणेन तो आत्ताच उतरवा. मात्र काढण्याआधी पंपाच्या फ्लँजवरची आणि टायमिंग केसवरची खूण समोरासमोर आहे ना ते बघा. नसेल तर छिन्नीने बारीक रेघ मारून ठेवा. हे काम मिस्त्रींकडून करून घ्या. पंप आणि तिन्ही इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतात ते; नोझल त्यांच्याच टोकाला असतं) एकदमच पंपरूमला, म्हणजे पंप तपासून दुरुस्त करणाऱ्या दुकानात, द्या. सातपूरला मायकोचा, म्हणजे आताच्या बॉशचा, कारखाना नोझल आणि इंजेक्टरच बनवतो. त्यामुळे नाशिकमध्ये या कामाची जाण असलेला माणूस शोधायला लांब जावं लागत नाही.

इंजेक्टर काढताना पहारीने उचकटू नका. दोन्ही नटांवर आणि बुडाशी गंज सोडवणारं तेल मारा, रात्रभर राहू द्या, सकाळी इंजेक्टर डावीउजवीकडे थोडा थोडा वळवत वर घ्या. कुठला कुठल्या सिलिंडरचा, ते चिठ्ठी बांधून लिहा. पाइपांची तोंडं स्वच्छ प्लास्टिकने बांधा, कारण डिझेलच्या वाटेत गेलेला धुळीचा कण नवं नोझल खराब करतो. इंजेक्टर निघाले की भोकातून आत बघा. मोबाइलला जोडायचा बारीक कॅमेरा ऑनलाइन मिळतो, तो घ्याच. लायनरच्या भिंतीवर नुसता तांबूस थर आहे की खवले आलेत, पिस्टनवर पाणी आहे की नाही, हे पाच मिनिटांत दिसतं. पाणी असेल तर सिरिंजला बारीक नळी लावून ओढून काढा.

चेंबरचा नट याच वेळी हळूहळू सैल करा. पाणी ऑइलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी असतं आणि आधी तेच बाहेर येतं. चमचाभर आलं तर घाबरू नका. तांब्याभर आलं किंवा ऑइल दुधासारखं झालं असेल, तर रेडिएटरची पातळी बघा. रेडिएटर कोरडा असेल तर पाणी हेडच्या (सिलिंडरांवरच्या झाकणाच्या) पॅकिंगमधून किंवा ब्लॉकच्या चिरेतून उतरलं असण्याची शक्यता आहे, आणि तेव्हा हेड उघडण्याची तयारी आत्ताच ठेवा. चेंबर रिकामं करून नट परत लावा; वरून ओतलेलं तेल शेवटी तिथेच जमा होणार आहे.

मग टॅपेट कव्हर काढा आणि रॉकरची (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांची) शाफ्ट उतरवा. पुशरॉड ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने पुठ्ठ्यात भोकं पाडून खोचून ठेवा. रॉकर निघाला की सगळे व्हॉल्व्ह मिटायला हवेत. एखादा खालीच राहिला तर तो गाइडमध्ये (दांडीच्या नळीत) गंजला आहे. तसंच इंजिन फिरवलं तर पिस्टन त्याच्यावर आपटेल. बाकीच्या व्हॉल्व्हच्या डोक्यावर लाकडी हातोडीने हलकी टिचकी मारा. खाली जाऊन चटकन वर आला तर ठीक. टिचकी म्हणजे टिचकीच, डिझेल इंजिनात व्हॉल्व्हखाली जागा फार नसते. अडकलेल्या व्हॉल्व्हच्या दांडीला तेल सोडत राहा आणि रोज थोडं हलवा.

आता मुख्य काम. पेट्रोल पंपाजवळच्या ऑइलच्या दुकानात पॉवर स्टीअरिंगचं लाल तेल मिळतं, एटीएफ म्हणतात त्याला. ते आणि डिझेल निम्मं निम्मं मिसळा. काही मेकॅनिक एटीएफमध्ये ॲसिटोन घालतात. ते बारीक फटीत चांगलं शिरतं यात शंका नाही, पण ॲसिटोन उडून जातं आणि भडकाही लवकर घेतं. बोल्ट सोडवायला ठीक. जिथे तेल आठवडाभर मुरवायचं आहे तिथे मी डिझेलच वापरतो. तुमच्या इंजिनाच्या पिस्टनच्या माथ्यावर खोलगट वाटी असू शकते. चमचा-दोन चमचे तेल टाकलं तर ते वाटीतच बसून राहतं, रिंगेपर्यंत जातच नाही. म्हणून प्रत्येक सिलिंडरमध्ये दीडशे मिलीच्या आसपास टाका. वाटी भरून वर बोटभर तेल सगळीकडे उभं राहायला हवं. ट्रॅक्टर सपाट जागेवर असू द्या, नाहीतर तेल एका बाजूला जाईल आणि दुसरी बाजू कोरडीच राहील. भोकांवर स्वच्छ फडकं कोंबून ठेवा.

रोज सकाळी स्वच्छ तार बुडवून पातळी बघा आणि तीन सिलिंडरांचे तीन आकडे शेडच्या पत्र्यावर खडूने लिहा. ज्यातलं तेल उतरतंय, तिथे रिंगांच्या बाजूने वाट झाली आहे. त्यात पुन्हा भरा. ज्यातलं हलतच नाही, तो सिलिंडर जास्त धरलेला असण्याची शक्यता आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर रेडिएटरमध्ये कोमट ते गरम पाणी भरा, तासाभराने सोडून द्या, असं एक-दोनदा करा. गार होताना धातू आकसतो आणि तेल फटीत ओढलं जातं. उकळतं पाणी मात्र थंड ब्लॉकमध्ये ओतू नका, चीर जाऊ शकते. आणि ब्लो लॅम्प जवळही आणू नका, आत डिझेल आहे.

पहिला आठवडा जोर लावूच नका. हात शिवशिवतील, गावातले चारजण रोज येऊन ‘सुटलं का’ विचारतील. त्यांना चहा पाजा. नंतर फ्लायव्हीलवर खडूने एक रेघ मारा आणि सेल्फच्या भोकातून मजबूत टॉमी (लोखंडी दांडा) दाताला लावून एका माणसाच्या हाताने जेवढा जोर येईल तेवढाच लावा. पाइप जोडून टॉमी लांब करायची नाही. आधी उलट्या दिशेला, मग सुलट. पुढच्या पुलीच्या नटावर बॉक्स पाना लावूनही फिरवता येतं, पण उलटं फिरवताना नट सैल होतो, म्हणून दातच बरे. एका जागी फार जोर दिला तर दात तुटतो, हेही ध्यानात ठेवा. पंख्याला धरून तर कधीच फिरवू नका.

रेघ अर्धा इंच सरकली तरी ती बातमी आहे. तिथेच थांबा. पुढे पूर्ण फिरवायचा मोह होतो आणि लायनरवर वर राहिलेल्या गंजाच्या कडेत रिंग अडकून तुटते. अर्धा इंच पुढे, अर्धा इंच मागे, पुन्हा तेल, पुन्हा दुसऱ्या दिवशी. दोन-तीन दिवसांत हे अंतर वाढत जातं आणि मग कधीतरी इंजिन जडपणे पण अखंड फिरतं. पण ते दर वेळी एकाच जागी ठक्कन थांबत असेल, तर तो गंज नाही. व्हॉल्व्ह आडवा येतोय किंवा आत काहीतरी तुटलेलं पडलंय. तिथे जोर न लावता हेड उघडा.

तीन आठवड्यांत काहीच हललं नाही तरीही हेड उघडा. त्यात हरल्यासारखं काही नाही. उलट कॅमेऱ्यात लायनरवर जाड खवले दिसले असतील, तर मी पहिल्याच आठवड्यात हेड उघडायला सांगेन, कारण त्या खवल्यांवरून रिंगा फिरवणं म्हणजे लायनर कापणं. हेड निघालं की पिस्टनच्या वरचा लायनर बारीक पॉलिश पेपर आणि डिझेलने घासून गुळगुळीत करा, कचरा फडक्याने टिपून घ्या, मग तेल सोडा. पिस्टनवर ठोकायची वेळ आलीच तर सिलिंडरच्या मापाचा बाभळीचा गोल ठोकळा करून घ्या आणि त्यावर मारा. लोखंडी पहार थेट पिस्टनवर नको. आणि मारण्याआधी बघा की पिस्टन अगदी वरच्या किंवा अगदी खालच्या टोकाला तर नाही. त्या दोन्ही ठिकाणी क्रँक आणि रॉड एका रेषेत असतात. पिस्टनला जायला जागाच नसते आणि सगळा मार बेरिंगवर बसतो. मधल्या उंचीवर जो पिस्टन आहे त्यावरच ठोका. (हे वाचून ज्यांच्याकडे वेट लायनरचं (लायनरला बाहेरून थेट पाणी लागतं असं) इंजिन आहे ते कामाला लागतील, त्यांच्यासाठी : हेड काढल्यावर क्रँक फिरवण्याआधी लायनर पट्ट्या लावून दाबून धरा. नाहीतर पिस्टनबरोबर लायनर वर उचलतो, खालचे रबर फाटतात आणि पाणी चेंबरमध्ये उतरायला लागतं.)

समजा, सुटलं. तरी लगेच सेल्फ मारून धूर काढायचा नाही. इंजेक्टर बाहेरच ठेवून हाताने दोन पूर्ण फेरे द्या. चेंबरमध्ये उतरलेलं डिझेल-एटीएफ सोडून द्या, कारण पातळ झालेल्या ऑइलवर बेरिंग टिकत नाही. नवा फिल्टर, नवं ऑइल. रॉकर बसवा, टॅपेटची गॅप पुस्तकाप्रमाणे ठेवा, रॉकरवर आणि पुशरॉडवर ऑइल ओता. मग सेल्फ लावून, नोझलच्या भोकांवर फडकं टाकून, थोडं थोडं क्रँक करा. तोंड बाजूला ठेवा. भोकातून तेल जोरात उडतं. हे केल्याशिवाय इंजेक्टर बसवलेत, तर पिस्टनवर उरलेलं तेल एक तर रॉड वाकवेल, नाहीतर पेट घेऊन इंजिन आपोआप पळवेल. ऑइलच्या मीटरवर प्रेशर दिसेपर्यंत क्रँक करत राहा, मधे मधे सेल्फला विश्रांती द्या.

डिझेलची टाकी पूर्ण रिकामी करून धुवा. तळाला पाणी आणि काळा चिकट गाळ सापडेल. दोन्ही फिल्टर बदला. एअर क्लीनर उघडा. त्यात कुंभारीण माशीची मातीची घरं आणि उंदराने आणलेला कडबा असतो, आणि तो तसाच ओढला गेला तर आत्तापर्यंतची मेहनत वाया. सायलेन्सर काढून उलटा आपटा. रेडिएटर भरून रात्रभर ठेवा आणि सकाळी ब्लॉकच्या बाजूच्या पत्र्याच्या बुचांमधून पाझर आहे का बघा. पंप खुणेला खूण जुळवून मिस्त्रींकडून बसवून घ्या, इंजेक्टर नव्या तांब्याच्या वायसरवर बसवा, डिझेलच्या पाइपांतली एअर (हवा) काढा. एअर काढताना डिझेलची चिळकांडी कातडीला लागू देऊ नका. त्या दाबाने डिझेल कातडीच्या आत घुसतं आणि ते दवाखान्याचं काम होतं.

पहिल्यांदा चालू करताना एक माणूस हातात जाड फळी घेऊन हवेच्या पाइपाच्या तोंडापाशी उभा करा आणि एअर क्लीनरचा होज सोडून ठेवा. स्टॉप ओढूनही इंजिन बंद झालं नाही तर फळीने तोंड झाकायचं, हाताने नाही. चालू झालं की दोन-तीन मिनिटं कमी रेसवर ठेवा. पांढरा-निळा धूर बराच येईल, तो एटीएफचा आहे. ऑइल प्रेशर नाही दिसलं तर तत्क्षणी बंद. क्लच दाबूनही गिअर पडत नसेल तर क्लचप्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटली आहे. इंजिन बंद करून क्लचचं पेडल लाकूड लावून दाबून ठेवा, आणि ती सुटेपर्यंत गिअरमध्ये चालू करू नका.

रोटरचं म्हणाल तर, तेलाने पंधरा दिवसांत सुटलं तर डिसेंबरच्या लागवडीआधी तो शेतात जाईल. हेड उघडावं लागलं तर या हंगामापुरतं भाड्याने रोटर मारून घ्या. त्या घाईत कुणीतरी पुन्हा साखळी आणेल, आणि तीच मला नको आहे.

पहिल्याच दिवशी रोटर लावू नका. आधी रिकामी ट्रॉली, मग अर्धी भरलेली, असं चार-पाच तास चालवा. अडकून बसलेल्या रिंगा हलक्या-मध्यम लोडवर हळूहळू मोकळ्या होतात. नुसतं उभं ठेवून रेस केल्याने होत नाहीत. त्यानंतर ऑइल पुन्हा बदला, काळं नसलं तरी. दहा-पंधरा तास चालूनही ब्रीदरमधून (इंजिनाच्या आतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर फुसफुसत असेल आणि ऑइल पीत असेल, तर लायनर-पिस्टनचा सेट बदलायचा हिशेब धरा. मॅसीचे पार्ट आजही सहज मिळतात. आणि सायलेन्सरच्या तोंडावर आजच एक पत्र्याचा डबा उपडा घाला; चिंचेखाली तो अजून काही आठवडे उभा राहणार आहे आणि दव रोज पडतं आहे. इंजिन चालू करायच्या आधी तो डबा मात्र आठवणीने काढा.